कलेजी, रस्सा आणि किडनीचा रिपोर्ट

बुलढाणा जिल्ह्यात, विशेषतः शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडच्या खारपाणपट्ट्यात, किडनीचा विषय निघाला की बोलणं आधी पाण्यावर येतं आणि मग ताटावर. पोळ्याची कर, म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस आला, बोकड कापला की क्रिएटिनिन वाढलेल्या, म्हणजे किडनी कमी काम करत असलेल्या माणसाला आग्रहानं गुर्दा-कलेजी वाढतात. आग्रह मायेचा असतो, समजूत मात्र चुकीची.

'गुर्दा खाल्ला की गुर्दा सुधारतो' ही त्यातली सर्वांत जुनी समजूत. पोटात गेलेला गुर्दा इतर मांसासारखाच पचतो. तो आपल्या किडनीच्या दुरुस्तीला जात नाही. निकामी झालेले नेफ्रॉन, म्हणजे किडनीतल्या बारीक गाळण्या, पुन्हा नव्यानं तयार होत नाहीत. उलट गुर्दा-कलेजीत प्युरिन भरपूर. त्यातून यूरिक आम्ल बनतं, आणि ते बाहेर टाकायचं काम पुन्हा त्याच थकलेल्या किडनीवर येतं.

'काळीज खा, रगत वाढते' हे अर्धं खरं आहे, म्हणूनच जास्त फसवतं. कलेजीत लोह आहेच. पण किडनीच्या रुग्णाचं हिमोग्लोबिन उतरण्याचं मोठं कारण वेगळं असतं. रक्तपेशी बनवायला लावणारं एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक किडनीत तयार होतं, आणि आजारात तेच कमी पडतं. म्हणून डॉक्टर त्याचं इंजेक्शन देतात. लोह कमी असेल तर तेही देतात. शिवाय 100 ग्रॅम कलेजीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास फॉस्फरस असतो. अनेक रुग्णांना दिवसभरासाठी 800 ते 1000 मिलिग्रॅमचीच मर्यादा घालून दिलेली असते. फॉस्फरस रक्तात साचला की अंगाला खाज सुटते, हाडं ठिसूळ होतात, रक्तवाहिन्या कडक होतात. अ जीवनसत्त्वाचंही तसंच: तेवढ्याच कलेजीत दिवसाच्या गरजेच्या कितीतरी पट, आणि या आजारात ते शरीरात आधीच साचत असतं.

'फोडी नको, नुसता रस्सा द्या' म्हणणारेही बरेच. मांस उकळलं की फॉस्फरस, पोटॅशियम आणि प्युरिन यांचा बराच भाग पाण्यात उतरतो. म्हणजे पथ्य म्हणून जो घेतला, त्या रश्शातच नको ते सगळं, वर मीठ. खायचंच असेल तर फोडी उकळून ते पाणी फेकावं. वऱ्हाडी सुगरणीला हे पटणं अवघड, पण इलाज नाही.

डायलिसिसवाल्यांबाबत गैरसमज उलटा: मांस कायमचं बंद! डायलिसिसपूर्वी वजनाच्या किलोमागे साधारण 0.6 ते 0.8 ग्रॅम प्रथिनं पुरतात, म्हणजे साठ किलोच्या माणसाला 36 ते 48 ग्रॅम. डायलिसिस सुरू झालं की प्रथिनं वाहून जातात आणि गरज किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅमवर जाते. ती अंड्याचा पांढरा भाग, मासे, चिकन यांतून भागवणं कलेजीपेक्षा बरं. शेजारच्याचं पथ्य पाहून आपलं ठरवलं तर एकाला जास्त होतं, दुसरा खंगतो.

आणखी एक. शिजवलेलं मांस खाल्ल्यावर काही तास रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं दिसतं. तेव्हा तपासणीच्या आदल्या रात्री मटण टाळा, आणि पोटॅशियम-फॉस्फरसचा रिपोर्ट आहारतज्ज्ञापुढे ठेवून कलेजीचं नाव घेऊन विचारा. संकोच करू नका.