केशरोपणानंतरच्या दहा रात्री

डिसेंबरात ओझरला कसे झोपतात, हे निफाड तालुक्यातल्या वाचकांना सांगायला नको. कानटोपी घालायची, रजई डोक्यावरून ओढायची आणि पायावर आणखी एक गोधडी. आमचा भाचा नाशिकला केशरोपण करून संध्याकाळी आमच्या दारात उभा राहिला, तेव्हा पहिली पंचाईत तीच झाली. डोक्याला काही लागू द्यायचे नव्हते आणि थंडी तर हाडे गोठवणारी.

त्याने घरी कुणालाच सांगितले नव्हते. लग्न दोन महिन्यांवर आलेले, समोरचे केस विरळ, मित्रांची चेष्टा रोजचीच. "खाला, चार दिवस राहू द्या, अम्मीला कळवू नका," एवढेच म्हणाला. आम्ही नेहमीप्रमाणे हॉलमध्ये मुलांच्या शेजारी त्याची गादी घातली. रात्री झोपेत धाकट्याचा हात त्याच्या कपाळावर आपटला आणि उशीवर रक्ताचे दोन थेंब दिसले. डॉक्टरांना फोन केला. स्वच्छ गॉज हलक्या हाताने दाबून धरायला त्यांनी सांगितले. रक्त थांबले, पण दोन-चार केसांची मुळे गेली असावीत.

केशरोपणात डोक्याच्या मागच्या भागातली केसांची मुळे काढून पुढे बारीक छेदांत बसवतात. त्यांना टाका नसतो. सुरुवातीला ती केवळ गोठलेल्या रक्ताच्या आधाराने टिकतात. पहिले चार-पाच दिवस घासले, खाजवले तर ती निसटतात. साधारण दहा दिवसांत घट्ट होतात. म्हणून या रात्री पाठीवर झोपायचे आणि तेही डोके उंच ठेवून, अंदाजे ३० ते ४५ अंश. डोक्याच्या कातडीत टोचलेले औषध आणि सलाइनचे पाणी हळूहळू खाली उतरते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कपाळ सुजते, कधी पापण्याही. डोके उंच असेल तर सूज कमी राहते.

दुसऱ्या दिवशी आम्ही आतली खोली रिकामी केली. भिंतीला लोड, त्यावर दोन उशा, गळ्याभोवती प्रवासात वापरतात ती अर्धगोल उशी. कूस वळू नये म्हणून दोन्ही बाजूंना गुंडाळलेल्या गोधड्या, शरीर खाली घसरू नये म्हणून गुडघ्यांखाली एक उशी. उशीवर धुतलेला जुना टॉवेल, रोज बदललेला. मागच्या जखमा टोचत होत्या, पण तिथे नवी मुळे नसल्याने उशीचा स्पर्श चालतो. टाळूच्या मागेही रोपण केले असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच डोके टेकवावे. रजई छातीपर्यंत, अंगात पुढून बटणे असलेला स्वेटर, पायात मोजे. डोक्यावरून ओढून काढायचा कपडा नको. ऊब हवी म्हणून बंद खोलीत शेगडी पेटवू नये. तिचा धूर जीव घेतो. खाज सुटली की झोपेत हात डोक्याकडे जातोच. त्यासाठी आम्ही त्याला सुती हातमोजे दिले. झोपेची गोळी मात्र स्वतःच्या मनाने देऊ नये.

आपल्या घरांत मुलांना लहानपणापासून उजव्या कुशीवर झोपायची सवय लावतात. झोप लागली की भाचा तिकडेच वळायचा. पहिल्या तीन रात्री आम्ही आळीपाळीने जागलो. नमाजचा प्रश्नही होता. सजद्यात डोके खाली जाते, कपाळ टेकते, वर मस्हचा ओला हात. आम्ही इमामसाहेबांना विचारले. डॉक्टरांनी वाकू नका म्हटले असेल तर खुर्चीवर बसून इशाऱ्याने नमाज अदा करा, जखमेला पाणी बाधत असेल तर तिथेही सवलत आहे, असे ते म्हणाले. भाच्याचा चेहरा तेवढ्यानेच उजळला.

सूज येणारच, असे म्हणून सगळेच सोडून देऊ नये, हे आम्ही मुद्दाम लिहितो आहोत. मार्च २०१९ मध्ये मुंबईत एका व्यावसायिकाने एकाच वेळी ९ हजारांहून अधिक मुळे बसवून घेतली. नंतर चेहरा आणि गळा सुजला, श्वास अडकू लागला आणि दोन-तीन दिवसांत त्याचा मृत्यू झाला. डॉक्टरांनी तीव्र ॲलर्जीचा संशय व्यक्त केला होता. कपाळाची सूज वेगळी. जीभ-गळा सुजणे, धाप लागणे, अंगावर गांधी उठणे दिसले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. ताप किंवा पू दिसला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. म्हणूनच लपवून एकट्याने खोलीत पडून राहणे आम्हाला पटत नाही. तिसऱ्या दिवशी आम्ही आपाला फोन केला. ती आधी रागावली, मग पहिल्या बसने आली.

केशरोपण कुणी करावे याविषयी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. एखादी कार्यशाळा किंवा यूट्यूब पाहून हे काम करता येत नाही, रीतसर प्रशिक्षण लागते, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. पैसे भरण्याआधी शस्त्रक्रिया स्वतः कोण करणार, हे विचारा. रात्री अडचण आली तर फोन कोण उचलणार, हेही विचारा.

एक गोष्ट भाच्याला कुणी नीट समजावली नव्हती. लावलेले केस दोन ते सहा आठवड्यांत बहुतेक गळतात. मुळे आत राहतात आणि नवे केस तीन-चार महिन्यांनी डोकावू लागतात. लग्नाच्या फोटोंत तो पूर्वीपेक्षाही विरळ दिसतो. सेहऱ्याने बरेच झाकले. केस उन्हाळ्यात आले.