शून्यपदी क्रिया: स्थिरांकाला बीजगणितात मानाचे स्थान का?

बेरीज दोन संख्या घेऊन एक देते, चिन्ह बदलण्याची क्रिया एकच घेते. मग शून्य आणि एक या ठरलेल्या घटकांना काय म्हणायचे? अमूर्त बीजगणित त्यांनाही क्रियाच म्हणते. या क्रिया काहीच घेत नाहीत, म्हणजे शून्यपदी असतात, एवढेच. जी काही घेत नाही ती क्रिया कसली, हा आक्षेप स्वाभाविक आहे, पण तो मोजणीपुढे टिकत नाही. पाच घटकांच्या संचातून क्रमित जोड्या २५ होतात, एकेकटी पदे ५. आणखी एक पायरी उतरले की उरते १, म्हणजे रिकामी यादी. ही यादी एकच असल्याने तिच्यावरची क्रिया एकच उत्तर देते, अर्थात संचातला एक घटक नेमून देते. स्थिरांक म्हणजे नेमके हेच.

हा केवळ नीटनेटकेपणा नव्हे, हे गॅरेट बर्कहॉफ यांच्या १९३५ च्या प्रमेयावरून कळते. बीजरचनांचा एखादा वर्ग निव्वळ नित्यसमानतांनी बांधता येतो तो तेव्हाच, जेव्हा उपरचना, क्रिया जपणाऱ्या फलनांच्या प्रतिमा आणि गुणाकार-रचना त्याच वर्गात राहतात. ‘अविकारक, म्हणजे क्रियेत कोणालाही न बदलणारा घटक, अस्तित्वात आहे’ हे विधान नित्यसमानता नाही. नैसर्गिक संख्यांना गुणाकारासाठी १ हा अविकारक आहे. त्यांतल्या सम संख्या गुणाकाराला बंदिस्त आहेत, पण त्यांच्यात अविकारक नाही, म्हणजे उपरचना वर्गाबाहेर पडते. १ ला शून्यपदी क्रिया मानले की सम संख्या उपरचना ठरतच नाहीत आणि वर्ग सांधला जातो.

गटांमध्ये, म्हणजे प्रत्येक घटकाला व्यस्त असलेल्या रचनांमध्ये, याची गरज काय, असे कोणी विचारेल. तिथे गुणाकार जपणारे फलन अविकारकही आपोआप जपते, हे खरे; पण ते व्यस्तांमुळे घडते. वलयात, म्हणजे बेरीज आणि गुणाकार दोन्ही असलेल्या रचनेत, गुणाकाराचे व्यस्त असतीलच असे नाही. ६ ने भागून उरणाऱ्या बाक्यांच्या वलयात प्रत्येक बाकीला ४ ने गुणा. बेरीज टिकते, आणि ४ × ४ = १६ ची बाकी पुन्हा ४ येत असल्याने गुणाकारही टिकतो; तरी १ जातो ४ वर. मिळालेल्या ०, २, ४ या संचाचा अविकारक ४ आहे, मूळ वलयाचा १ त्यात नाहीच. हे फलन ग्राह्य धरायचे की नाही, हे १ ला क्रियांच्या यादीत घेण्यावर ठरते.

सर्वांत भक्कम आक्षेप ग्रॅहम हिगमन आणि बर्नहार्ड नॉयमान यांच्या १९५२ च्या कामातून निघतो. भागाकारासारखी एकच क्रिया आणि एकच नित्यसमानता घेऊन गट मांडता येतात. कोणत्याही घटकाला त्यानेच भागले की अविकारक हाती येतो. मग स्थिरांक कशाला? कारण भागायला निदान एक घटक हवा. रिकामा संच ती नित्यसमानता बिनतक्रार पाळतो, पण तो गट नाही. शून्यपदी क्रिया मात्र रिकाम्या संचावर असूच शकत नाही. तिच्यामुळे दोन उपरचनांचा छेदही कधी रिकामा निघत नाही.

म्हणून स्थिरांक ही रचनेची सुरुवात आहे. एकही घटक हाती न धरता ०, १, बेरीज, गुणाकार आणि चिन्हबदल एवढ्यावर वलय उभारायला घेतले, तर सगळ्या पूर्णांक संख्या तयार होतात. यादीतून ० आणि १ वगळले, तर बाकीच्या क्रियांना हात घालायला काहीच मिळत नाही.