आधी दात मोजा, मग वेल्डिंग करा

मोटरसायकलचं मागचं चाक काढून तिथे मोटारीचा ॲक्सल बसवला, की तीनचाकी ‘ट्राइक’ तयार होते. फ्रेम कापणं, ब्रॅकेट जोडणं ही कामं चांगल्या फॅब्रिकेटरला जमतात. तरीही अनेक ट्राइक रस्त्यावर नीट चालत नाहीत, कारण इंजिन आणि ॲक्सल यांचं गणित कुणी मांडलेलंच नसतं.

मुळात मोटारीचाच ॲक्सल का? मागच्या दोन चाकांत 1.2 मीटर अंतर असेल, तर एक पूर्ण वळसा घेताना बाहेरचं चाक आतल्या चाकापेक्षा सुमारे 7.5 मीटर जास्त धावतं. वर्तुळ लहान असो वा मोठं, हा फरक तेवढाच राहतो. दोन्ही चाकं एकाच दांड्याला घट्ट बांधली तर टायर घासतात आणि गाडी वळायला नकार देते. हा फरक सामावून घेतो तो डिफरन्शियल, आणि मागच्या चाकांवर चालणाऱ्या मोटारीच्या ॲक्सलमध्ये तो आयता मिळतो.

हार्ले-डेव्हिडसनने हे फार पूर्वी ओळखलं होतं. 1932 ते 1973 या काळात त्यांनी अमेरिकेत ‘सर्व्ही-कार’ ही तीनचाकी बनवली. सुमारे 740 सीसीचं साइड-व्हॉल्व्ह इंजिन, मागे डिफरन्शियल असलेला ॲक्सल, आणि त्याला फिरवणारी मोटरसायकलचीच चेन. गॅरेजवाल्यांसाठी निघालेली ही गाडी पुढे तिथल्या पोलिसांनी वर्षानुवर्षं वापरली. चेन थेट डिफरन्शियलवर आणण्याची ती रचना आजही ट्राइक बांधणाऱ्याने अभ्यासावी अशी आहे.

त्याचं कारण आकड्यांत आहे. मोटरसायकलच्या इंजिनाचा वेग गिअरबॉक्समध्ये शिरण्याआधीच प्रायमरी चेन किंवा गिअर कमी करतात. मोटारीत हा टप्पा नसतो, म्हणून तिथे वेग उतरवण्याचं मोठं काम ॲक्सलमधल्या क्राउन-पिनियन या गिअरच्या जोडीवर येतं. समजा, मोटरसायकलच्या चेनचा रेशो, म्हणजे मागच्या आणि पुढच्या स्प्रॉकेटच्या दातांचं गुणोत्तर, 2.8 आहे आणि चाकाचा घेर 2 मीटर. म्हणजे किलोमीटरमागे गिअरबॉक्सचा शाफ्ट 1,400 फेरे घेतो. आता 4.1 रेशोचा ॲक्सल आणि 1.75 मीटर घेराची चाकं बसवली, तर हेच फेरे सुमारे 2,340 होतात. ज्या वेगाला इंजिन 3,600 आरपीएमवर निवांत चालायचं, तिथे ते 6,000 वर ओरडू लागतं. पेट्रोल जास्त जळतं आणि इंजिनाचं आयुष्य घटतं.

चेन थेट डिफरन्शियलला जोडली, तर क्राउन-पिनियन मधून गळतं आणि रेशो आपल्या हातात येतो. वरच्या उदाहरणात पुढे 16 आणि मागे 39 दातांचं स्प्रॉकेट घेतलं, की जुना हिशोब जवळपास जुळतो. ट्राइक जड असते, म्हणून मागे दोन-चार दात वाढवणं शहाणपणाचं.

शाफ्ट ड्राइव्हच्या गाडीत आणखी एक पेच येतो: फिरण्याची दिशा. ती जुळली नाही, तर पहिल्या गिअरमध्ये गाडी मागे जाते. ॲक्सल खालची बाजू वर करून बसवला की दिशा सुधारते. पण हायपॉइड ॲक्सलमध्ये पिनियन मध्यरेषेच्या खाली असतो. उलटा केल्यावर तो वर जातो आणि त्याच्या बेअरिंगला तेल कमी मिळतं. तेलाची पातळी आणि ब्रीदर नव्याने ठरवावे लागतात.

ताकदही तपासायला हवी. ब्रिटनमध्ये ट्राइक बांधणारे रिलायंट रॉबिन या तीनचाकी मोटारीचा ॲक्सल आवडीने वापरत आले आहेत, कारण तो अरुंद आणि हलका आहे. पण तो घडवला गेला 748 आणि 848 सीसीच्या साध्या इंजिनांसाठी आणि फायबरग्लासच्या हलक्या बॉडीसाठी. त्यावर लिटरभराचं तापट इंजिन लादणं धोक्याचं आहे.

रेशो चांगला की वाईट हे कामावरून ठरतं. गुजरातमध्ये अमरेली जिल्ह्यातल्या मनसुखभाई जगानी यांनी बुलेटचं मागचं चाक काढून तिथे दोन चाकांचा जोड आणि शेतीची अवजारं बसवली. ‘बुलेट सांती’ म्हणून ती ओळखली जाते. शेतात वेग नको, ओढ हवी. हायवेवर दोष ठरणारा जास्त रेशो तिथे गुण ठरतो.

आपल्याकडे कायद्याची चौकटही पाळावी लागते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये ते पुन्हा स्पष्ट केलं. मात्र अपंग व्यक्तीच्या वापरासाठी गाडीत बदल करण्याची वाट कायद्याने मोकळी ठेवली आहे.

पॉलिटेक्निक आणि आयटीआयच्या शिक्षकांनी ही वाट धरावी. अपंग चालकासाठी सुरक्षित तीनचाकी हा विद्यार्थ्यांचा प्रकल्प व्हावा. त्याच्या पहिल्या पानावर रेशो, चाकाचा घेर, फिरण्याची दिशा आणि ॲक्सलची ताकद यांचा हिशोब असावा, आणि तो तपासल्याशिवाय वेल्डिंगची ठिणगी पडू नये.