वातावरणीय बदल व कोरडवाहू शेती, मंगरूळपीर परिसरातील

पृथ्वीच्या सरासरी तापमानातील वाढ आणि तीमुळे पर्जन्याच्या कालक्रमात पडणारा फरक यांना तोंड देण्यासाठी महाराष्ट्र शासनाने योजिलेल्या उपायांचा, वाशिम जिल्ह्यातील मंगरूळपीर या कोरडवाहू तालुक्याच्या संदर्भात घेतलेला आढावा. असे उपाय दोन प्रकारचे असतात. कार्बन डाय-ऑक्साइड, मिथेन, नायट्रस ऑक्साइड इ. हरितगृह वायूंचे उत्सर्जन कमी करणे हा पहिला प्रकार व बदललेल्या परिस्थितीशी शेती, पाणी आणि वस्ती यांचे जुळवून घेणे म्हणजे ‘अनुकूलन’ हा दुसरा. मुख्यतः शेतीवर जगणाऱ्या या तालुक्याचा वातावरण तापविण्यातील वाटा अत्यल्प आहे. त्याचे परिणाम सोसण्यातील वाटा मात्र मोठा आहे. यामुळे येथे दुसऱ्या प्रकारच्या उपायांना अधिक महत्त्व येते.

मंगरूळपीर १९०५ पर्यंत वऱ्हाडातील जुन्या वाशिम जिल्ह्यात व पुढे अकोला जिल्ह्यात होते. १ जुलै १९९८ रोजी वाशिम जिल्हा पुन्हा अस्तित्वात आला, तेव्हा हा तालुका त्यात समाविष्ट झाला. गावाच्या नावातील ‘पीर’ हे पद येथील हयात कलंदर यांच्या दर्ग्यावरून आले आहे. परिसरातील पाणी अडाण व अरुणावती या नद्यांवाटे पैनगंगेच्या खोऱ्यात जाते. १८९९–१९०० चा वऱ्हाडातील भीषण दुष्काळ आणि १९७२ चे अवर्षण यांची आठवण ठेवणाऱ्या या प्रदेशाला पाण्याची टंचाई नवी नाही. नवी आहे ती पावसाची वाटणी.

माती, पाऊस व पीक : जिल्ह्याचे सरासरी वार्षिक पर्जन्यमान सु. ८०० मिमी. असून त्याचा फार मोठा भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. बेसाल्ट खडकापासून बनलेली काळी माती हे येथील खरे धरण होय. तिच्यातील चिकणमातीचे खनिज पाणी शोषून फुगते व वाळताना आकसते. म्हणूनच उन्हाळ्यात शेताला हात-हात खोल भेगा पडतात. एक मीटर खोलीच्या चांगल्या काळ्या जमिनीत पिकाला घेता येईल असे सु. १५० ते २०० मिमी. पाणी साठते. शेंगा भरण्याच्या काळात सोयाबीन रोज सु. ४ ते ५ मिमी. पाणी वापरते, असे धरल्यास भारी जमीन पावसाचा महिनाभराचा खंडही कशीबशी निभावून नेते. उलट, वीतभर मातीच्या बरड किंवा मुरमाड जमिनीवरील पीक आठ-दहा दिवसांतच माना टाकते. एकाच गावात, एकाच पावसात, बांधाच्या अलीकडे पीक उभे व पलीकडे करपलेले दिसते, त्याचे कारण हेच.

हवेचे तापमान १° से. ने वाढले, की तिची बाष्पधारणक्षमता सु. ७ टक्क्यांनी वाढते. परिणामतः पाऊस पडतो तेव्हा जोराचा पडतो आणि मधल्या काळात बाष्पीभवन अधिक होते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांचा सहभाग असलेल्या २०१७ मधील एका अभ्यासात मध्य भारताच्या पट्ट्यात १९५०–२०१५ या काळात अतिवृष्टीच्या व्यापक घटना सु. तिपटीने वाढल्याचे आढळले. २०२३ चा ऑगस्ट हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. एकूण बेरीज सरासरीइतकी भरूनही पीक हातचे जाऊ शकते, कारण दोन तासांत कोसळलेले पाणी नाल्याला मिळते आणि फुलोऱ्याच्या वेळी उघडीप लांबते.

गेल्या तीन-चार दशकांत कपाशी व ज्वारी यांची जागा येथे मोठ्या प्रमाणावर सोयाबीनने घेतली. तीन-साडेतीन महिन्यांत हाती येणारे हे पीक रब्बीच्या हरभऱ्यासाठी रान मोकळे करते, हा त्याचा गुण. परंतु त्याचा फुलोरा ऐन खंडाच्या काळात व सोंगणी परतीच्या पावसात सापडते. मळणीपूर्वी गंजी भिजली, तर दाणा काळवंडतो व बाजारात भाव उतरतो. पूर्वी ज्वारी, तूर, मूग, कपाशी यांच्या मिश्रपेरणीत एक पीक गेले तरी दुसरे हाती लागे. एकाच पिकावर भिस्त ठेवल्याने वातावरणाचा धोका वाढला आहे, हे शासकीय योजनांतून पुरेसे लक्षात घेतले गेलेले दिसत नाही.

राज्याचे धोरण : केंद्र शासनाने २००८ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केल्यानंतर राज्यांनी आपापले आराखडे करावेत, असे ठरले. महाराष्ट्रासाठी दिल्लीच्या ‘टेरी’ या संस्थेने ब्रिटनच्या हवामान खात्याच्या साहाय्याने अभ्यास करून २०१४ मध्ये अहवाल दिला. त्याच्या आधारे राज्याचे अनुकूलन धोरण २०१७ मध्ये मान्य झाले. २०२० मध्ये पर्यावरण विभागाच्या नावात ‘वातावरणीय बदल’ हे शब्द आले आणि त्याच वर्षी २ ऑक्टोबरला भूमी, जल, वायू, अग्नी व आकाश या पंचतत्त्वांवर आधारलेले ‘माझी वसुंधरा’ अभियान सुरू झाले. त्यात नगर परिषदा व ग्रामपंचायती यांच्या कामांना गुण देण्यात येतात. वृक्षलागवड व कचऱ्याचे वर्गीकरण यांना अशा स्पर्धेने चालना मिळते. शेतातील ओलाव्याचा प्रश्न तिच्या कक्षेत फारसा येत नाही.

कृषी संजीवनी : शेतीपुरता सर्वांत मोठा प्रयत्न म्हणजे २०१८ मध्ये जागतिक बँकेच्या कर्जसाहाय्याने सुरू झालेला नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प होय. त्याचा खर्च सु. ४,००० कोटी रु. असून त्यातील सु. ७० टक्के वाटा बँकेच्या कर्जाचा होता. वाशिमसह १५ जिल्ह्यांतील ५,१४२ गावे त्यासाठी निवडण्यात आली. त्यांपैकी ९३२ गावे पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यातील होती. पहिला टप्पा २०२४ मध्ये संपला. सु. ६,००० कोटी रु. खर्चाच्या दुसऱ्या टप्प्यात २१ जिल्हे घेण्यात आले आहेत.

या प्रकल्पाचा विशेष असा, की त्यात गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. पडलेल्या पावसातून वाहून गेलेले, जमिनीत मुरलेले व पिकांनी वापरलेले पाणी वजा केले असता गावाकडे काय शिल्लक राहते, याचे गणित मुंबईच्या भारतीय तंत्रविद्या संस्थेच्या साहाय्याने बसविण्यात आले. ग्रामपंचायतीच्या अंतर्गत नेमलेल्या ग्राम कृषी संजीवनी समितीने या ताळेबंदावरून बंधारे, शेततळी, फळबाग, ठिबक व तुषार संच यांचा आराखडा करावयाचा असतो.

पेरणीच्या पद्धतींपैकी रुंद वरंबा व सरी ही पद्धत काळ्या जमिनीस विशेष मानवते. हिच्यात सोयाबीनच्या ओळी रुंद, किंचित उंच वरंब्यावर येतात व दोन्ही बाजूंस सरी राहते. पाऊस कमी झाल्यास सरीत पाणी मुरते आणि जास्त झाल्यास तीच सरी निचऱ्याचे काम करते. एकाच रचनेने दोन्ही संकटांवर काही अंशी तोड निघते, हे तिचे मोठेपण. काही ओळींनंतर एक ओळ रिकामी सोडून डवरणीच्या वेळी तेथे सरी पाडण्याची पट्टापेर विदर्भातील शेतकऱ्यांच्या परिचयाची असून ती बिनखर्ची आहे. रुंद वरंब्यासाठी मात्र ट्रॅक्टरचलित पेरणीयंत्र लागते. वाफसा दोन-तीन दिवसच टिकत असल्याने यंत्र भाड्याने वेळेवर मिळाले नाही, तर शेतकरी नेहमीच्या पद्धतीनेच पेरणी उरकतो.

उत्सर्जन व सौर ऊर्जा : राज्याची वीज अद्याप मुख्यतः कोळशावर निर्माण होते. शेजारच्या अकोला जिल्ह्यातील पारस येथे २५० मेगॅवॉटचे दोन औष्णिक संच आहेत. राज्यातील कृषिपंपांची संख्या सु. ४५ लाख असून त्यांना आळीपाळीने दिवसा वा रात्री वीज मिळण्याची रीत रूढ होती. थंडीत, विंचू-सापाच्या भयात, हरभऱ्याला रात्री पाणी देणे ज्यांना भाग पडते त्यांना दिवसाच्या विजेचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना (२०१७ व सुधारित स्वरूपात २०२३) या दुहेरी हेतूने आखली गेली. वीज उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून पंपांची वाहिनी दिवसा चालविणे, हे तिचे सूत्र. खाजगी जमिनीसाठी हेक्टरी १.२५ लाख रु. वार्षिक भाडे ठरविण्यात आले. २०२४ पासूनच्या ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेत शेतकऱ्याला किमतीच्या १० टक्के व अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याला ५ टक्के रक्कम भरावी लागते.

सौर प्रकल्पांसाठी शासकीय जमिनींचाही वापर होतो. विदर्भात गुरचराईची जमीन ‘ई-वर्ग’ म्हणून ओळखली जाते. कागदोपत्री ती पडीक वाटली, तरी शेळ्या-मेंढ्या व गायी राखणाऱ्या भूमिहीन कुटुंबांचा चारा तेथूनच येतो. जमीन निवडताना ग्रामसभेत या कुटुंबांचे म्हणणे ऐकले जाणे आवश्यक आहे.

भूजल : उत्सर्जन कमी करण्याचे व अनुकूलनाचे उपाय विहिरीवर एकत्र येतात. बेसाल्टमधील पाणी वरच्या झिजलेल्या व सांधे असलेल्या थरातच प्रामुख्याने साठते. हा साठा लहान असून दर पावसाळ्यात भरतो व उन्हाळ्यापर्यंत बव्हंशी रिता होतो. सौरपंपाला डिझेल लागत नाही व वीजबिलही येत नाही, त्यामुळे उपसा थांबविण्याचे आर्थिक कारणच उरत नाही. प्लॅस्टिकचे अस्तर घातलेली शेततळी काही ठिकाणी विहिरीच्या पाण्याने भरली जातात. तेव्हा पावसाचे पाणी अडविण्याचे साधन भूजल उघड्यावर आणून त्याचे बाष्पीभवन घडविते. राज्याच्या २००९ च्या भूजल अधिनियमाने अधिसूचित क्षेत्रात ६० मी. पेक्षा खोल विहिरी घेण्यास मनाई केली आहे. गावच्या ताळेबंदाला मात्र असे कायद्याचे बळ नाही. तूट दिसत असूनही कोणी किती उपसावे हे समिती ठरवू शकत नाही. सौरपंपाची मंजुरी ताळेबंदातील शिलकीशी जोडणे, हा प्रस्तुत लेखकाच्या मते सर्वांत निकडीचा बदल आहे.

पीक विमा : इतर उपाय अपुरे पडतात तेथे विम्याचा आधार अपेक्षित असतो. २०२३ च्या खरिपापासून राज्यातील शेतकऱ्यांना एक रुपयात विमा मिळू लागला. २०२५ च्या खरिपापासून ही सवलत बंद होऊन शेतकऱ्याचा हिस्सा खरिपासाठी विमा रकमेच्या २ टक्क्यांपर्यंत झाला. त्या हंगामात भरपाई पीक कापणी प्रयोगांतून निघणाऱ्या मंडळाच्या सरासरी उत्पन्नाशी निगडित करण्यात आली व काढणीपश्चात नुकसानीची तरतूद वगळण्यात आली. परतीच्या पावसात भिजणारी सोयाबीनची गंजी नेमकी याच तरतुदीत येत असे.