‘शक्ती’ कोणत्या भाषेतली? : विज्ञानकेंद्रातील मार्गदर्शकाची भाषिक तयारी

विज्ञानकेंद्र, तारांगण, आकाशदर्शनाचे शिबिर अशा ठिकाणी जे शिकणे घडते त्याला अनौपचारिक विज्ञानशिक्षण म्हणतात. तेथे हजेरी नसते आणि परीक्षाही नसते. कंटाळलेले मूल सरळ पुढच्या उपकरणाकडे निघून जाते. त्याला थांबवून विचार करायला लावणारा मार्गदर्शक हाच तेथील शिक्षक. त्याला विज्ञान यावे लागते, उपकरण चालवता यावे लागते. भाषा मात्र येतेच, असे आपण गृहीत धरतो. हैदराबादेत हे गृहीतक टिकत नाही.

कोठीचेच पाहा. मराठी, तेलुगू, दखनी आणि हिंदी येथे एकाच रस्त्यावर ऐकू येतात. येथील उस्मानिया वैद्यकीय महाविद्यालयाचे मूळ १८४६ च्या वैद्यकशाळेत आहे आणि तेथील शिक्षण आरंभी उर्दूतून होत असे. पुढे १९१७ मध्ये संस्थानात ‘दारुल तर्जुमा’ हा भाषांतर विभाग निघाला. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठासाठी त्याने शास्त्रविषयांची उर्दू परिभाषा घडवली. म्हणजे विज्ञान कोणत्या शब्दांत सांगावे, हा प्रश्न या शहराला नवा नाही. फरक इतकाच की, विद्यापीठातला विद्यार्थी त्या शब्दांच्या सहवासात वर्षे काढतो. विज्ञानकेंद्रातला पाहुणा उपकरणापुढे चार मिनिटे उभा राहतो.

या चार मिनिटांत काय गोंधळ होऊ शकतो, हे ‘शक्ती’ या शब्दावरून कळते. मराठी पाठ्यपुस्तकात बल, ऊर्जा आणि शक्ती या तीन वेगळ्या राशी आहेत. शक्ती म्हणजे कार्य करण्याचा दर. तेलुगू पाठ्यपुस्तकात मात्र ‘शक्ति’ म्हणजे आपली ऊर्जा, आणि आपल्या शक्तीला तेथे ‘सामर्थ्यम्’ म्हणतात. उर्दूत बलाला ‘कुव्वत’, ऊर्जेला ‘तवानाई’ आणि शक्तीला ‘ताकत’ हे शब्द आहेत. घरी मराठी बोलणारे आणि शाळेत तेलुगू शिकणारे मूल ‘शक्ती’ ऐकते तेव्हा त्याच्या मनात कोणता अर्थ उभा राहील? मार्गदर्शकाचे वाक्य बिनचूक असूनही मूल चुकीचे काही घेऊन घरी जाते, आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

यावर उपाय म्हणजे क्रम बदलणे. आधी अनुभव, मग मुलाचा शब्द आणि शेवटी परिभाषा. सरकत्या कप्पीने वजन उचलायला द्यावे आणि विचारावे, “काय जाणवलं?” मूल म्हणेल, “जोर कमी लागला.” तोच ‘जोर’ धरून पुढे जावे : दोर किती ओढावा लागला? जोर जवळजवळ निम्मा लागला, पण दोर दुप्पट ओढावा लागला. एवढे हाताला कळले की ‘बल’ आणि ‘कार्य’ या शब्दांना बसायला जागा मिळते.

प्रश्न विचारल्यावर थांबणे हेही शिकावे लागते. अमेरिकेतील संशोधक मेरी बड रो यांना १९७० च्या दशकात असे आढळले की, शिक्षक प्रश्नानंतर सरासरी एखादा सेकंदच थांबतात. तो अवधी ३ सेकंदांपर्यंत वाढवला तेव्हा मुलांची उत्तरे लांबली आणि स्वतःहून बोलणारी मुले वाढली. जे मूल मनात एका भाषेतून दुसरीत जाते, त्याला तर हे तीन सेकंद हवेतच.

नौबत पहाडावरील बिर्ला तारांगणाचे खेळ तेलुगू, हिंदी आणि इंग्रजीत होत आले आहेत. तेथे मराठी खेळ व्हावा ही मागणी रास्त आहे, पण तेवढ्यावर थांबू नये. भाषाविषयाच्या अध्यापकांनी मार्गदर्शकांसोबत बसून नेहमीच्या पन्नासएक संज्ञांची मराठी-तेलुगू-उर्दू यादी करावी. जेथे शब्द एक पण अर्थ दोन, तेथे खूण करावी. मार्गदर्शकांनी एकमेकांचे निवेदन ऐकावे आणि मुलांनी वापरलेले शब्द टिपून ठेवावेत. याला मोठा निधी लागत नाही. साहित्याचे अध्यापक अर्थच्छटा शिकवण्यात आयुष्य घालवतात. त्या कौशल्याची विज्ञानालाही गरज आहे.