संगणकाला न दिसलेल्या गाड्या

शाळेचे वेळापत्रक शिक्षकांना न विचारता आखले, तर काय होते हे आपण सर्वांनी पाहिले आहे. कागदावर ते निर्दोष दिसते. पण सोमवारी एका वर्गावर दोन शिक्षक पोहोचतात आणि शेजारचा वर्ग मोकळा राहतो. लंडनच्या रुग्णवाहिका सेवेत नेमके असेच घडले, फक्त तिथे प्रश्न प्राणांचा होता.

या सेवेकडे रोज दोन ते अडीच हजार दूरध्वनी येत. पत्ता कागदावर टिपून, नकाशात शोधून गाडी पाठवली जाई. हे काम संगणकाने करावे म्हणून २६ ऑक्टोबर १९९२ रोजी नवी प्रणाली सुरू झाली.

प्रत्येक गाडी कुठे आहे आणि मोकळी आहे का, हे अचूक कळले तरच संगणक योग्य गाडी निवडू शकत होता. त्यासाठी कर्मचाऱ्यांनी गाडीतील बटणे वेळच्या वेळी दाबायची होती. पण काही संदेश पोहोचेनात, काही बटणे चुकीची दाबली गेली. मोकळ्या गाड्या संगणकाला दिसेनात. एकाच ठिकाणी दोन गाड्या जात, दुसरीकडे एकही जात नसे. ताटकळलेले लोक पुन्हा दूरध्वनी करत, त्यामुळे भार आणखी वाढे. पडद्यावरच्या सूचना वाचण्याआधीच वर सरकून नाहीशा होत. दुसऱ्या दिवशी काही काम पुन्हा हाताने करावे लागले. ४ नोव्हेंबरच्या पहाटे तर प्रणाली ठप्पच झाली. आज्ञावलीत चुकून राहिलेला एक तुकडा, प्रत्येक गाडी पाठवताना संगणकाची थोडी स्मृती अडवून ठेवत होता.

हा तांत्रिक दोष झाला. पण १९९३ च्या चौकशी अहवालातील एक आकडा अधिक बोलका आहे: प्रणाली सुरू झाली त्या दिवशी ८१ नोंदलेल्या अडचणी शिल्लक होत्या. मग कोणी थांबा का म्हटले नाही? व्यवस्थापकांना अपयशाची धास्ती होती, ठरलेली तारीख गाठायची होती. गाडीवरच्या कर्मचाऱ्यांना फारसे विचारलेच नव्हते. दोन्ही बाजूंत अविश्वास होता.

१९९६ साली याच सेवेने पुन्हा नवी प्रणाली आणली. या वेळी ती वापरणाऱ्यांना बरोबर घेऊन, टप्प्याटप्प्याने. ती टिकली.

"सर, हे चुकतंय" असे म्हणणाऱ्या मुलाला आपण वर्गात काय उत्तर देतो? उद्या अशाच एखाद्या प्रकल्पात बसल्यावर तो बोलेल की गप्प राहील, हे बऱ्याच अंशी त्या उत्तरावर ठरते, असे आम्हाला वाटते.