कालवड हवी, पण गाय गाभण राहील का?

गाय व्याली की "कालवड की गोऱ्हा?" हा पहिला प्रश्न. निसर्गात दोन्हींची शक्यता जवळजवळ सारखीच असते. मग शुक्रजंतूंचीच आधी निवड करता येईल काय?

वळूच्या प्रत्येक शुक्रजंतूत एक्स किंवा वाय यांपैकी एक गुणसूत्र असते. एक्स असेल तर कालवड होते. अशा शुक्रजंतूत डीएनए सुमारे ३.८ टक्के अधिक असतो. अमेरिकन कृषी खात्याच्या बेल्ट्सव्हिल येथील केंद्रात लॉरेन्स जॉन्सन व सहकाऱ्यांनी नेमका हाच फरक हेरला. अशा निवडीतून जन्मलेल्या सशांच्या पिलांचा वृत्तांत त्यांनी १९८९ साली प्रसिद्ध केला.

यातील भौतिकी पाहा. डीएनएला चिकटणारा रंग मिसळून एकेक शुक्रजंतू लेसरच्या जंबुपार किरणांपुढून नेतात. डीएनए जास्त, तर चकाकी जास्त. चकाकीनुसार त्याच्या थेंबाला धन किंवा ऋण विद्युत्भार देतात. पुढे विद्युत् क्षेत्रात थेंब दोन बाजूंना वळतात. ही निवड सुमारे ९० टक्के अचूक असते.

अडचण यापुढेच आहे. रंग, लेसर, नळीतील दाब आणि शेवटी उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रव नायट्रोजनात गोठणे, एवढे सोसून शुक्रजंतू दुबळे होतात. शिवाय एकेकाची तपासणी म्हणजे वेळखाऊ काम. म्हणून नेहमीच्या रेतमात्रेत सुमारे दोन कोटी शुक्रजंतू, तर या मात्रेत बहुधा वीस ते चाळीस लाखच असतात. परिणामी गर्भधारणा साधारण पाचव्या ते चौथ्या हिश्श्याने घटते.

समजा, साध्या रेताने १०० पैकी ५० गाई गाभण राहिल्या, तर कालवडी सुमारे २५. निवडलेल्या रेताने ४० राहिल्या, तर कालवडी ३६. अकरा कालवडी वाढल्या खऱ्या, पण दहा गाई रिकाम्या राहिल्या! त्यांचा पुढचा माज सुमारे २१ दिवसांनी. तोवर चारा-पेंड चालूच. दोन-चार गाईंच्या धन्याला हा खर्च जड जातो.

म्हणून हे रेत शक्यतो निरोगी, पूर्ण वाढलेल्या कालवडींना देतात. त्या दुभत्या गाईंपेक्षा सहज गाभण राहतात. हे शुक्रजंतू कमी काळ तग धरतात, म्हणून रेतन अंडमोचनाच्या जवळ करणे हिताचे. माजाची नोंद ठेवणाऱ्यालाच हे साधते.

आता एक प्रश्न. वरच्या उदाहरणात निवडलेल्या रेताने किती गाई गाभण राहिल्या, तर कालवडी साध्या रेताइतक्याच मिळतील? गणित करा, आणि उत्तर शेजारच्या गोठेवाल्यालाही सांगा.